मंत्रचळ

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही उधन्याला राहत होतो. पर्युषण संपलं होतं, गणपतीचं विसर्जन होऊनही दोन-तीनच दिवस झाले होते. त्याआधी तापीला पाणी चढून उतरलं होतं. सखल वस्त्यांत चिखल, कचरा, मेलेली जनावरं तशीच पडून होती. वेड रोडच्या बाजूला माणसं तापाने फणफणून, खोकून खोकून दगावू लागली आणि बघता बघता शहरभर एकच शब्द झाला. मेडिकलच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनकडे धावत सुटली. चार-आठ दिवसांत काही लाख लोक सुरत सोडून गेले. आमचं घरही भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसंबसं शिरलं आणि अमळनेरला माझ्या माहेरी येऊन पडलं.

त्या प्लेगमध्ये देशभरात मिळून दगावलेल्यांचा आकडा पन्नासच्या थोडा वर होता. भीतीचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. पुढच्या वर्षी, १९९५ च्या मे महिन्यात, एस. आर. राव सुरतेचे महापालिका आयुक्त म्हणून आले. रात्रीची झाडलोट सुरू झाली, कचरा उचलला जाऊ लागला, घाण करणाऱ्या हॉटेलांना आणि दुकानांना दंड बसले. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव घेतलं जाऊ लागलं. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

मी सांगते आहे तो इतिहास आमच्या मोरीतला आहे. शहराची सफाई सकाळी संपायची. आमच्या मोठ्या जाऊबाईंची, म्हणजे भाभींची, सफाई संपतच नव्हती.

अमळनेरहून परतल्यावर त्यांनी घर सात वेळा धुतलं. त्या दिवसांत सगळ्याच घरांत फिनेलचा वास होता, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. मग दाराची कडी धुणं आलं. मग भाजीची पिशवी, मग मार्केटमधून आलेल्या नोटा ओल्या फडक्याने पुसणं. भाईसाहेब दुकानातून आले की दारातच कपडे काढायचे. दोन दिवसांत साबणाची वडी संपायची. प्लेगची भीती सरली तसं कारण बदललं. आता प्लेगऐवजी पाप आलं. सामायिकात बसल्या की 'माझा कच्च्या पाण्याला संघट्टा झाला का? हिरव्या भाजीला हात लागला का?' अशी शंका यायची. मग उठायचं, हात धुवायचे, पुन्हा पहिल्यापासून सामायिक. अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक तीन-तीन तास चालायचं. धुऊन धुऊन हात फाटले, भेगांतून रक्त आलं. रक्त आलं म्हणजे असज्झाय, म्हणजे सूत्र वाचता येणार नाही. म्हणून ते रक्त घालवायला पुन्हा पाणी.

आणि आम्ही काय केलं? कौतुक केलं. स्थानकात बायका म्हणायच्या, 'जयणा असावी तर अशी!' नव्या सुनांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं. मी तर त्यांची उजवा हात झाले होते. त्यांच्यासाठी वेगळी बादली ठेवायची, नळ मीच बंद करायची, कारण धुतलेल्या हाताने नळाला शिवायचं कसं? दिवसातून पन्नास वेळा त्या विचारायच्या, 'झाले का गं हात स्वच्छ? तू बघितलंस ना?' आणि मी म्हणायची, 'हो भाभी, बघितलं. अगदी स्वच्छ.' मला वाटायचं मी सेवा करते आहे.

मी कॉलेजात इतिहास घेतला होता. एखाद्या गोष्टीचा उगम शोधायची खोड तेव्हापासूनची. भाभींच्या आजाराचं नाव कळल्यावर मी तो उगमही शोधत गेले. जे सापडलं त्याने मला माझीच लाज वाटली, आणि धीरही आला. कारण भाभी एकट्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडे बघून चुकणारे आम्हीही एकटे नव्हतो.

आपल्या मराठीत या आजाराला शब्द होताच – मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाला चळ लागतो, या समजुतीतून आलेला शब्द. ज्याला तोच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणावा लागतो, तरी 'नीट झाला' असं वाटत नाही, अशा माणसाला आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं होतं. बंगालीत शब्द आहे शुचिबाय, म्हणजे शुद्धतेची बाय, शुद्धतेचं वेड. कोलकात्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अजिता चक्रवर्ती यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत १९७५ साली यावर अभ्यास छापला. शेण-पाणी शिंपडत, रस्त्यात पाऊल कुठे पडलं ते बघत, तासन्‌तास आंघोळ करणाऱ्या बायका, त्यातही विधवा बायका. घरात मान नाही, हातात काही नाही, एक सोवळं तेवढं आपलं. सोवळं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, हे घरातल्यांना कळत नाही, कारण दोघांचा पोशाख एकच असतो.

हे फक्त आपल्याकडचं म्हणाल तर तसंही नाही. स्पेनमधला इग्नेशियस लोयोला, ज्याने पुढे जेझुइट संघ काढला, तो १५२२ च्या सुमाराला मान्रेसा गावी तप करत होता. केलेलं पाप पाद्र्यापुढे कबूल करायचं, मग वाटायचं काहीतरी सांगायचं राहिलं, म्हणून पुन्हा कबूल करायचं. त्यापायी आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी त्याच्या गुरूनेच उपास सोडायची आज्ञा केली. अशा धार्मिक शंकेला युरोपात जो शब्द आहे तो लॅटिनमधल्या 'स्क्रूपुलस'वरून आला. त्याचा अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत गेलेला खडा असतो ना, दिसत नाही पण पाऊल टाकू देत नाही, तसा.

पुढे डॉक्टरांनी धर्माच्या बाहेरही हा खडा पाहिला. पॅरिसच्या एस्किरोल या डॉक्टरने १८३८ च्या आपल्या ग्रंथात एका बाईची हकीकत दिली आहे. तिचं नाव त्याने फक्त 'एफ' एवढंच दिलं. व्यापारी घरातली, हिशेब लिहिणारी. अठराव्या वर्षी आत्याकडून निघताना तिच्या मनात आलं, आपल्या ॲप्रनच्या खिशात आत्याची एखादी वस्तू तर राहिली नाही? पुढे हिशेबात आपल्याकडून आकडा चुकेल, कोणाचं नुकसान होईल. मग कपडे झटकणं, हात धुणं, घासणं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिला अदत्तादानाचा दोष लागेल ही भीती. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या आपल्या घरांना ही बाई परकी वाटणार नाही. एस्किरोलने नोंदवून ठेवलं की तिची बुद्धी शाबूत होती, हे खुळचट आहे हे तिला कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. पुढे १८७५ मध्ये लग्राँ द्यू सोल या फ्रेंच डॉक्टरने या आजारावर पुस्तकच लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'शंकेचं वेड'.

शंका! आपल्याकडे सम्यक्त्वाच्या पाच अतिचारांत पहिला अतिचार शंका. हे वाचलं तेव्हा मी दचकले. भाभींनाही कोणी सुनावलं असतं, 'तुमची श्रद्धा कमी पडते.' पण ती शंका वेगळी आणि ही वेगळी. ती तत्त्वावर येते, ही नळावर येते. भाभींची श्रद्धा काडीची कमी नव्हती. त्यांच्या मेंदूतली 'झालं, पुरे' सांगणारी घंटाच वाजत नव्हती.

आता उपचाराकडे येते. शंभरेक वर्षं डॉक्टरांना नाव देता आलं, बरं करता येईना. फ्रॉइडसारख्यांनी बालपण खणून काढलं, पण हात धुणं काही थांबेना. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलातल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर उलटा प्रयोग केला. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरची धुण्याची, जपण्याची क्रिया करायची नाही. भीती चढते, टिपेला जाते, आणि कोणी काही न करता आपली आपण उतरते. हे पुन्हा पुन्हा घडलं की मेंदू शिकतो, 'न धुताही मी जगते.' हीच पद्धत पुढे पुष्कळ डॉक्टरांनी तपासली, सुधारली. आज या आजारावरच्या बोलण्याच्या उपचारांत ती पहिली मानली जाते. साठच्या दशकाच्या शेवटीच क्लोमिप्रामीन या औषधाने फरक पडतो हेही दिसलं. नंतर फ्लुओक्सेटीनच्या जातीची औषधं आली. १९९२ मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर नावाच्या डॉक्टरने मेंदूची चित्रं काढून दाखवलं की औषधाने बरे झालेल्यांच्या मेंदूत ज्या भागात बदल होतो, त्याच भागात नुसत्या वर्तन-उपचाराने बरे झालेल्यांच्या मेंदूतही बदल होतो. म्हणजे हात न धुता बसून राहणं हे शरीरावरचं औषधच ठरलं.

हे सगळं जगाला ठाऊक होतं तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं? भाभींची मुलगी बारा वर्षांची झाली होती. पाळीच्या दिवसांत तिला तीन-तीन वेळा नहायला लावायच्या, गादी, भिंत, दार सगळं धुवायच्या. एक दिवस ती पोर मोरीत उभी राहून मला विचारायला लागली, 'काकी, माझे हात झाले का? नक्की झाले का?' माझ्या पोटात खड्डा पडला.

ते २००३ चं चातुर्मास. त्याच सुमाराला भाभी स्थानकात महासतीजींपुढे रडल्या आणि म्हणाल्या, 'मला संथारा द्या. मी थकले.' मी शेजारीच होते. महासतीजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बाई, थकून जो मागतात तो संथारा नव्हे. तुम्ही आजारी आहात. ताप आल्यावर मला मांगलिक मागता पण डॉक्टरकडेही जाता ना? मग इथेही जा.' आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'पाण्यातही जीव आहेत, अप्काय. या रोज किती पाणी सांडतात ते तू मोजलंस का? आणि त्याला तुम्ही जयणा म्हणता?' त्यांनी भाभींना आणखी प्रायश्चित्त दिलं नाही. 'आलोयणा एकदाच करायची. तीच ती पुन्हा करणं बंद,' एवढंच सांगितलं. इग्नेशियसच्या गुरूची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा मला महासतीजीच आठवल्या.

सुरतेतच एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि आधीच बजावलं की परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्तन-उपचार हाती घेतला. भाभींची पहिली अट होती, 'माझे नियम मोडायला सांगू नका.' बाई म्हणाल्या, 'कंदमूळ खा, रात्री जेवा असं मी कधीच सांगणार नाही. तुमच्या स्थानकातल्या बाकीच्या श्राविका जेवढं करतात तेवढंच करायचं. त्याच्या वरचं सगळं आजाराचं.' ही फूटपट्टी भाभींना पटली.

मग त्यांनी भाभींकडून एक शिडी लिहून घेतली. प्रत्येक पायरीवर भीतीला शंभरपैकी गुण. खालची पायरी, घरातल्या दाराची कडी धरून हात न धुता बसायचं, तीस गुण. मधली, मार्केटमधून आलेली नोट हातात घ्यायची, साठ. सगळ्यात वरची, नोट धरलेल्या हातानेच पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला शिवायचं, शंभर. कोणी जबरदस्ती केली नाही. पायरी कधी चढायची ते भाभी ठरवायच्या, पण चढल्यावर मोरीत जायचं नाही. पहिल्या दिवशी कडी धरून त्या पाऊण तास थरथरत बसल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी वीस मिनिटांत श्वास खाली आला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अवघड परीक्षा माझी होती. बाईंनी मला सांगितलं, 'तुम्ही "स्वच्छ आहेत" म्हणता ना, तेही एक धुणंच आहे. तुमचं उत्तर म्हणजे त्यांचा साबण.' नऊ वर्षं मी साबण पुरवत आले होते! त्या दिवसापासून भाभींनी विचारलं की मी म्हणायची, 'भाभी, हा प्रश्न आजाराचा आहे. मी उत्तर देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते.' त्या चिडायच्या. एकदा म्हणाल्या, 'तू माझी वैरीण आहेस.' मी आत जाऊन रडले आणि परत येऊन बसले. भाईसाहेबांनी दारात कपडे काढणं बंद केलं. वेगळी बादली मी भंगारवाल्याला दिली. लेकीला तिच्या आईने स्वतः सांगितलं, 'बेटा, यापुढे मला विचारू नकोस, मीही तुला विचारणार नाही.'

बाईंनी भाभींना एक वाक्य मनाशी म्हणायला दिलं होतं: 'कदाचित दोष लागला असेल, कदाचित नसेल.' भाभी म्हणाल्या, 'हे तर आपल्याकडे आहेच. केवली जाणे.' मला ते आजही आठवतं. आपण छद्मस्थ माणसं. पुरतं, निःशंक ज्ञान केवलींना, आपल्याला नाही. भाभी नळाखाली उभ्या राहून जे मागत होत्या, ती शंभर टक्के खात्री, ते या देहात मिळणारच नाही. मग हात धुऊन ते कसं मिळणार? बाईंनी मात्र सावध केलं, 'छान आहे, पण एकदाच म्हणायचं. वीस वेळा म्हटलंत तर त्याचाच मंत्रचळ होईल.' आम्ही तिघी हसलो. भाभींना हसताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

वीसेक बैठका झाल्या. औषध दोनेक वर्षं चाललं, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं. भाभी पूर्ण बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. घरात लग्न असलं, कोणाचं आजारपण असलं की खडा पुन्हा टोचतो. मग त्या आपली शिडी काढतात. पण सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांत होतं आणि हातांवर भेगा नाहीत. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा माझ्या मनात आलं, आता पुन्हा सगळं सुरू होणार. सगळं जगच हात धुवायला लागलं होतं. भाभी सरकारने सांगितलेले वीस सेकंद मोजायच्या आणि नळ बंद करायच्या. जास्त वेळ मीच धूत होते. त्या म्हणाल्या, 'झालं गं. बंद कर. पाण्यातही जीव आहेत.'

मैत्रिणींनो, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दर हजार मोठ्या माणसांत साधारण आठ जणांना हा आजार असल्याचं दिसलं. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला हजार माणसं बसत असतील तर त्यांतली आठ. सगळी हात धुणारी नसतील. कोणी गॅस दहा वेळा बघत असेल, कोणी हिशेब पुन्हा पुन्हा मांडत असेल, कोणाच्या मनात देवासमोर नको ते विचार येत असतील आणि ती लाजेने कोणाला सांगत नसेल. असे विचार येतात म्हणून ती वाईट बाई ठरत नाही. विचार नको असतो म्हणूनच तो टोचतो.

व्रत आणि चळ ओळखायचा कसा, असं मला बायका विचारतात. मी भाभींकडून शिकले ते सांगते. व्रताला मर्यादा असते, पच्चक्खाण घेतो तसं ते पाळतोही. चळाला मर्यादा नसते. व्रत पूर्ण झालं की मन शांत होतं. चळात केल्यावर पुन्हा करावंसं वाटतं. आपल्या व्रताचं ओझं घरातल्या लेकरांवर पडत नाही. चळाचं पडतं.

घरात अशी कोणी असेल तर तिचं कौतुक करू नका आणि तिला वेडी म्हणूनही हिणवू नका. तिच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटलात हा विभाग आहे. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचारताना एवढं नक्की विचारा की औषधासोबत सामोरं जाण्याचा उपचार मिळेल का. आणि ती 'झाले का गं हात?' विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका, तिच्याजवळ बसा. भाभींना हे मिळायला नऊ वर्षं लागली. तुमच्या घरात एवढा उशीर होऊ नये म्हणून, त्यांना विचारून, हे लिहिलं.